दोन स्टेज, एक पडदा

माझ्या नवऱ्याचं नाव ताराचंद. मी नाव घेते. ज्याला खटकत असेल त्यानं कान झाकून घ्यावे. ज्या माणसानं माझ्या साड्या नेसून आख्ख्या गावासमोर लाजायचं, मुरकायचं आणि पदर डोळ्याला लावून रडायचं काम केलं, त्याचं नाव घ्यायला मी काऊन लाजावं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

गाव सडक अर्जुनीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष केशोराव पुन्हा बिथरतील, आणि आता त्यांचं ब्लडप्रेशर ठीक नसतं. धान कापून, चुरून झाले की मंडळाचं नाटक होतं. नाटकाच्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणे नाहीत, त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं आमच्या झाडीपट्टीत लोक समजतात. लग्नाला नाही आला तरी चालेल, पण जावई नाटकाला आला पाहिजे.

मंडळात सगळे केशोरावांच्या आळीतले. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातला एकटा ताराचंद. त्याला घेतला, कारण गावात दुसऱ्या कोणाला बाई होता येत नव्हतं. मिशी काढून, माझी हिरवी काठाची साडी नेसून तो उभा राहिला की म्हाताऱ्या म्हणायच्या, “अल्का, तुझा नवरा तुझ्याहून बरा दिसते वो.” मी पण हसायचे. हसता हसता मनात यायचं, बाप्पा, साडी माझी, चाल माझी, रडणंही माझंच उचललेलं, आणि टाळ्या याला. मी खाली बायकांच्या बाजूला, पोतं अंथरून बसलेली. पुन्हा मंडळाचा पडदा फाटला की शिवायचा कोणी, तर अल्कानं, कारण मशीन तिच्या घरी.

पुढे ताराचंदचं पोट सुटलं, आवाज बसला. मंडळानं वडस्याच्या नाटक कंपनीकडून नटी बोलवायला सुरुवात केली. बाहेरची बाई गावच्या स्टेजवर आली, गेली, कोणाला काही वाटलं नाही. उलट तिला बघायला लोक दुपारपासून जागा धरून बसायचे.

दोन हजार अकरा साली ती नटी येणार नाही म्हणाली. तिची तारीख दुसऱ्या गावाला गेली होती. शाळेत तालीम तर सुरू झालेली. नाटकातली नायिका म्हणजे पाटलाची पोरगी, आणि तिचे डायलॉग मंडळाचा सेक्रेटरी बकाराम वाचायचा. बकारामचा आवाज म्हणजे एसटीचा कंडक्टर. “नाथा, मला सोडून जाऊ नका” हे तो असं म्हणायचा की नाथानं त्याच क्षणी बस सोडावी.

त्या संध्याकाळी माझी सून स्नेहल ताराचंदला जेवायला बोलवायला शाळेत गेली. स्नेहल फुलचूरची, गोंदियाला लागून आहे ना ते. माझा राजदीप नागपूरला गाडी चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. ही पोरगी माहेरी विहारातल्या कार्यक्रमात लहानपणापासून बोललेली, तोंडावर भीती म्हणून नाही. घरी ताराचंद रात्रंदिवस आख्खं नाटक पाठ म्हणतो, त्यामुळे तिला सगळ्यांचेच डायलॉग येत होते. बकारामचं ते वाचन तिला सहन झालं नाही. दारात उभ्या उभ्याच तिनं पाटलाच्या पोरीचा डायलॉग म्हटला. पुढचाही म्हटला. नाथाचं काम करणारा खुशाल नावाचा गडी आपला डायलॉग विसरून तिच्याकडे बघत राहिला. ताराचंद मला घरी येऊन सांगत होता तेव्हा त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, “मी आयुष्यभर जे करून राहिलो ते सोंग होतं. आज खरी पाटलाची पोरगी उभी होती तिथं.”

त्या रात्री भांडी घासताना स्नेहल गुणगुणत होती. लग्न होऊन आल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी ठरवून टाकलं की हा पार्ट या पोरीलाच मिळाला पाहिजे.

दोन दिवसांनी मंडळाची सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. मी शिवलेला पडदा द्यायच्या निमित्तानं गेले आणि मुद्दाम घड्या घालत बसले. केशोराव खुर्चीवर होते. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. कोणाकडे मयत झाली की पहिले तेच पोचतात. पण खुर्चीत बसले की त्यांना वाटतं गाव आपल्याच खुर्चीला टेकून उभं आहे. त्यांची एक खोड. बोलणं संपलं की मोटारसायकलची किल्ली खुर्चीच्या हातावर वाजवायची, टक टक, आणि म्हणायचं, “मंजूर?” की सगळ्यांचे हात वर. विषय काय, ठरलं काय, कोणी ऐकत नाही. घंटा वाजली की शाळेतली पोरं उठतात, तसे यांचे हात उठतात.

“ताराचंदच्या सुनेनं चांगलं म्हटलं, मी नाही म्हणत नाही,” केशोराव म्हणाले. “पण गावची सून गावच्या स्टेजवर, गावासमोर, हे काही शोभत नाही. बाहेरची बाई आली, गेली, तिचं कोणाले काय. आज हिले पार्ट दिला तर उद्या आपल्या घरच्या मागतीन. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे. आणि पार्ट आहे पाटलाच्या पोरीचा. तिले... जमणार नाही ते.”

‘तिले’ म्हणून ते थांबले होते. मधे काय गिळलं ते मला समजलं. व्हरांड्यातल्या सगळ्यांना समजलं. पाटलाची पोरगी आमच्या मोहल्ल्यातून कशी काय येईल, एवढंच ते होतं. बाकी सगळं वरचं रंगकाम.

टक टक. “मंजूर?”

हात वर झाले. बकारामचा झाला, खुशालचा झाला. आणि त्यांच्या मागे, खांबाला टेकून बसलेल्या माझ्या नवऱ्याचाही झाला.

मी पडदा तिथेच टाकला आणि घरी आले. तो मागोमाग आला, चपला काढतो न काढतो तोच मी विचारलं, “तुम्ही हात वर केला?”

“किल्ली वाजली, हात गेला ना वो,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. “माझं ध्यान नव्हतं. मले वाटलं मंडपाचा विषय चालू आहे.”

“सुनेचा पार्ट गेला. मंडपाचा विषय म्हणे.”

“मी उद्या सांगतो केशोरावले.”

“काय सांगता? की मी झोपलो होतो?”

मी आणखी खूप बोलले, सगळं इथं सांगण्यासारखं नाही. स्नेहल आतून ऐकत होती. बाहेर आली, ताट वाढलं आणि म्हणाली, “बाबा, भात घ्या.” तो ताटात नुसता भात कालवत बसला. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिच्या त्या गुमसुम वाढण्यानं मला जास्त राग आला, नवऱ्याचा, केशोरावांचा आणि थोडा तिचाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केशोरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. विचारलं की माझा नवरा माझी साडी नेसून नाचला तेव्हा गावाची इज्जत कुठे गेली होती, बाजारात? त्यांची बायको दुर्गेश्वरीबाई पाणी घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गडवा ठेवून आत गेली. केशोरावांनी शांतपणे दात घासणं संपवलं. चूळ भरली. मग तेही गल्लीला ऐकू जाईल असंच म्हणाले, “अल्काबाई, माझ्या एकट्याच्या हातात आहे का? सभेत हात वर झाले. तुमच्या नवऱ्याचाही झाला. सभेत हात वर झाले म्हणजे झालं, ते मग मीसुद्धा मोडू शकत नाही.”

मी गडव्याला हात न लावता निघाले. परत येताना रस्त्यातला एक दगड मी पायानं उडवला तो नेमका शेजारच्या टेकचंदच्या कोंबडीला लागला, त्याचंही भांडण झालं.

दिवाळी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. त्याच दिवसांत स्नेहलच्या माहेरच्या ओळखीचा लोकेश आमच्याकडे आला. फुलचूरचाच, अठ्ठावीस-तीसचा असेल, नागपूरला चित्रकला शिकलेला. दाढी वाढवलेली, खांद्याला झोळी, अर्धं बोलणं हिंदी. कोणत्या तरी संस्थेनं त्याला गावात जाऊन काही नवीन करून दाखव म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं भिंतीवर वाघ काढेल. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला सगळे वाघच काढतात.

“नहीं मौसी, वाघ नाही,” तो म्हणाला. “मंडईच्या मैदानात दोन स्टेज बांधतो. आमने-सामने. बीच में एक पडदा.”

“मग लोक कुठं बसतीन?”

“दोन्ही स्टेजवर.”

“मग नाटक कोण करन?”

“पडदा उघडला की इकडचे तिकडच्यांना बघतील, तिकडचे इकडच्यांना. ज्याला वाटेल तो उठेल. जो उठला तो नट. बाकीचे पब्लिक. पुन्हा दुसरा उठला, तो नट.”

मी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय. स्नेहल मात्र हातातलं सूप खाली ठेवून ऐकत होती. तिनं विचारलं, “आणि पडदा कोणाच्या हातात?”

“अशा माणसाच्या, जो दोन्हीकडचा नाही,” लोकेश म्हणाला. “मौसी, पडदा तुम्ही शिवता ना? मग दोरी पण तुम्हीच धरा. एकच नियम. कोणीही सांगितलं तरी पाडायचा नाही. तुम्हाला वाटेल तेव्हाच.”

मैदान मंडळाच्या ताब्यात, म्हणजे केशोरावांना विचारणं आलं. ते पहिले नाहीच म्हणत होते. लोकेशनं उद्घाटन तुमच्या हस्ते म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज बदलला. उद्घाटन, हार, शाल, सोफा. आमच्याकडे नाटक तीन तासांचं असलं तर उद्घाटन दोन तासांचं असतं. हे कसलं तरी नवीन नाटक आहे आणि आपण त्याचे उद्घाटक, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. बाकीचं त्यांनी ऐकलं नाही. न ऐकण्याची त्यांनाही सवय आहेच.

बांबू, फळ्या, पाल, दोन दिवस ठोकाठोक चालली. तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, दोन स्टेज समोरासमोर उभे राहिले, एकाच उंचीचे. मधे मंडळाचा जुना लाल पडदा, ठिगळं माझीच. ताराचंद स्वतःहून बांबू धरायला गेला. माझ्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती, मीही बोलत नव्हते. फक्त “पाणी”, “घ्या”, “ठेवा” इतकंच.

मंडईचा दिवस उजाडला. गाई राखणारे गोवारी आपल्या ढाली, म्हणजे सजवलेले उंच बांबू, नाचवत आले, जिलेबी, भजे, ऊस, फुगे, धूळच धूळ. आजूबाजूच्या गावांचे पाहुणे, जावई, लेकुरवाळ्या पोरी. दुपार कलल्यावर केशोराव पांढऱ्या कपड्यात आले. त्यांनी दोन्ही स्टेज पाहिले. सावलीच्या स्टेजवर सोफा ठेवायला लावला, त्यावर स्वतः बसले, बाजूच्या खुर्च्यांवर मंडळाचे सगळे सभासद. ताराचंदही तिथेच, शेवटच्या खुर्चीवर. बायकांचा घोळका खाली उभा होता. केशोरावांनी त्यांच्याकडे पाहून हात केला.

“बायका तिकडच्या बाजूले बसा. इथं गर्दी नको.”

तिकडची बाजू म्हणजे दुसरा स्टेज. ऊन होतं म्हणून त्यांनी तो बायकांना दिला. बायका हसत, एकमेकींना ढकलत वर चढल्या. आमच्या मोहल्ल्याच्या, त्यांच्या आळीच्या, सगळ्या मिसळून. दुर्गेश्वरीबाईसुद्धा पदर सावरत चढली. स्वतःच्या तोंडानं केशोरावांनी गावच्या सुना स्टेजवर चढवल्या, आणि त्यांना पत्ताच नाही. मी मधे खांबाजवळ दोरी धरून उभी होते. मला हसू आवरेना.

हार झाले, नारळ फुटला, केशोरावांचं भाषण झालं. लोकेशनं मान हलवली. मी दोरी ओढली.

पडदा उघडला आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत बसले. कोणी काही करेना. तळ्याच्या पाळीवर चढून बसलेल्या पब्लिकला दोन्ही बाजू दिसत होत्या, तिथून पहिले हसू आलं. एक पोरगं ओरडलं, “अध्यक्ष साहेब, सुरू करा ना.”

“मी काय सुरू करू? हे करतीन,” केशोराव म्हणाले.

“आमी काऊन? तुमीच करा,” बायकांतून कोणीतरी म्हटलं. पाळीवर पुन्हा हशा. केशोराव सोफ्यावर चुळबुळले. चारशे डोळे आपल्याकडे लागले आहेत आणि आपण काहीच करत नाही, अशी वेळ त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नसेल.

तेवढ्यात स्नेहल उठली. ती बायकांच्या मागे गेली आणि परत आली तेव्हा तिनं साडीवरच ताराचंदचं धोतर गुंडाळलं होतं, वर त्याचा सदरा, डोक्याला टोपी. सकाळी दोरीवरून धोतर गायब होतं, मी वाऱ्याला शिव्या दिल्या होत्या. तिच्या हातात आमच्या घराच्या कुलुपाची किल्ली होती. एका बाईला उठवून ती खुर्चीवर बसली. पाय पसरले, मान मागे टाकली, पोट पुढे. अगदी केशोराव. तिनं एक शब्दही बोलण्याआधी पाळीवरच्या लोकांनी ओळखलं आणि असा गलका झाला की ढालीवाले पण नाच थांबवून बघायला आले.

“तर सभासदहो,” स्नेहल म्हणाली, आवाज जड करून. “विषय ताराचंदच्या सुनेचा. तिनं चांगलं म्हटलं, मी नाही म्हणत नाही. पण गावची सून गावच्या स्टेजवर, हे शोभत नाही. आज हिले पार्ट दिला तर उद्या आपल्या घरच्या मागतीन.”

बायकांचं हसणं थांबलं. बऱ्याच जणींना हे माहीत नव्हतं. त्या समोरच्या सोफ्याकडे बघू लागल्या.

“मी असं म्हटलंच नाही,” केशोराव उठून म्हणाले.

“मी असं म्हटलंच नाही,” स्नेहल उठून म्हणाली, तसंच बोट दाखवत.

पाळीवर लोक लोळायचे बाकी होते. केशोरावांचा चेहरा लाल झाला. “मी गावाच्या इज्जतीसाठी बोललो होतो.”

“हां, हे बोललो होतो,” स्नेहल म्हणाली आणि पुन्हा बसली. “पहा, आठवण करून द्यावी लागते.”

खरं सांगते, तोपर्यंत मला भीती वाटत होती की पोरगी रडेल किंवा हे लोक तिला खाली उतरवतील. पण आता केशोराव स्वतःच नाटकात आले होते. ते जितकं बोलत तितका तिचा पार्ट मोठा होत होता. आणि त्यांना गप्प बसणं माहीतच नव्हतं.

मग बायकांतून एक आवाज आला. हळू, पण सगळ्यांनी ऐकला. दुर्गेश्वरीबाई उभी राहिली होती. ती समोर आपल्या नवऱ्याकडे बघत नव्हती. स्नेहलकडे बघत होती, टोपीवाल्या केशोरावांकडे.

“अहो,” ती म्हणाली, “एक विचारू का जी? वडस्याची बाई येते ती पण कोणाच्या तरी घरची सूनच असन ना? तिच्या गावाले इज्जत नसते का?”

“तू चूप बस,” खरे केशोराव समोरून ओरडले.

स्नेहलनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही मधे नका बोलू जी. नवराबायकोचं चालू आहे.”

असा हशा मी नाटकात कधी ऐकला नाही. दुर्गेश्वरीबाईसुद्धा हसली, तोंडावर पदर घेऊन. पण ती बसली नाही. म्हणाली, “घरी विचारलं तर उत्तर भेटत नाही. म्हणून इथं विचारलं.”

स्नेहलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. केशोराव अडचणीत आले की हेच करतात. मग ती म्हणाली, “बाई बरोबर बोलून राहिली. मी हा विचार केलाच नव्हता.” समोर केशोराव बोलायला तोंड उघडत होते तोच तिनं किल्ली खुर्चीच्या हातावर वाजवली. टक टक.

“पाटलाच्या पोरीचा पार्ट ताराचंदच्या सुनेले. मंजूर?”

आणि समोरच्या स्टेजवर हात वर झाले.

मंडळाच्या सगळ्या सभासदांचे झाले. खुशालचा झाला. बकारामच्या उजव्या हातात पान होतं, त्यानं डावा वर केला. एकालाही विचार करायची गरज पडली नाही. किल्ली वाजली, हात गेले. मधे सोफ्यावर केशोराव एकटे, आणि दोन्ही बाजूंना हातांचं रान उभं. ते डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. पाळीवरचे लोक हसायचे थांबले. सगळ्यांना कळलं होतं की काहीतरी खरंच झालं आहे.

“हात खाली करा बे,” केशोराव म्हणाले.

हात खाली येऊ लागले, ओशाळवाणे, एकेक. बकाराम आपल्या हाताकडे असा बघत होता की हा कोणाचा. सगळे खाली आले. शेवटच्या खुर्चीवरचा एक वरच होता.

“ताराचंद, हात खाली कर.”

“नाही करत जी,” ताराचंद म्हणाला. आवाज बसलेलाच, पण उभा राहून बोलला. “त्या दिवशी न ऐकता वर केला होता. आज ऐकून केला.”

“अरे हे नाटक आहे गा. हे खरं नाही.”

“आपलं मंडळ नाटकाचंच आहे ना?” ताराचंद म्हणाला. “आणि सभेत हात वर झाले म्हणजे झालं, असं तुम्हीच अल्काले सांगतलं.”

मला रडू आलं. रडू आलं म्हणून स्वतःचा राग आला, कारण दोन्ही हातांत दोरी होती आणि डोळे पुसता येईनात. इतके दिवस या माणसाला मी “पाणी”, “घ्या”, “ठेवा” याच्यापुढे एक शब्द दिला नव्हता. तो तिथं उभा होता, पोट सुटलेला, हात वर. समोरून दुर्गेश्वरीबाईनं आपला हात वर केला. मग तिच्या मागच्या बायकांनी. मग इकडे खुशालनं पुन्हा केला, या वेळी केशोरावांकडे बघत, हळूहळू. बकारामनं आधी पान तोंडात टाकलं आणि मग केला.

“अल्काबाई, पडदा पाडा,” केशोराव माझ्याकडे वळून म्हणाले. ते आता हुकूम देत नव्हते, जवळजवळ विनवत होते. “पाडा ना तो पडदा.”

मी दोरी खांबाला गुंडाळली आणि गाठ मारली. वरून आणखी एक मारली. म्हटलं, “मले अजून वाटून नाही राहिलं जी.”

ते उतरून गेले. जाताना पाळीवरच्या पोरांनी त्यांना टाळ्या दिल्या, नटाला एक्झिटला देतात तशा. मला तेवढं आवडलं नाही, पण मी थांबवलंही नाही.

पार्ट स्नेहलला मिळाला. केशोरावांनी आठवडाभर तोंड दाखवलं नाही, मग एक दिवस तालमीला आले, कोपऱ्यात बसले आणि तिचं एक वाक्य दुरुस्त केलं. बरोबर केलं होतं, तिनं ऐकलं. लोकेश आपले फोटो घेऊन नागपूरला गेला. तिथं कोणी काय म्हटलं ते त्यानं सांगितलं, मला फारसं समजलं नाही. दोन स्टेज मात्र आम्ही खोलू दिले नाहीत. कोणाला काही सांगायचं असलं की बायका आता तिथं चढून सांगतात, आणि समोरच्या स्टेजवर ज्याच्याबद्दल सांगायचं त्याला बसवतात.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी स्नेहल माझ्याकडे आली. “आई, तुमची ती हिरवी साडी द्या ना. पाटलाच्या पोरीले शोभन.”

“नाही,” मी म्हटलं. “माझी लाल घे. हिरवी मी नेसून राहिली.”

ती साडी त्या आधी कितीतरी वेळा स्टेजवर गेली होती, दर वेळी नवऱ्याच्या अंगावर. त्या दिवशी मी ती नेसले आणि बायकांच्या बाजूला न जाता सरळ पुढे गेले. सोफ्यावर केशोरावांच्या बाजूला दुर्गेश्वरीबाई बसली होती. ती सरकली आणि मी तिथं बसले. पडद्याची दोरी ताराचंदच्या हातात होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हाच त्यानं ओढली.